पाणी मारलं का?

भुलेश्वरच्या ज्या जिन्याला
सत्त्याऐंशी साली मीच लोखंडी चॅनेल ठोकलं,
त्याच जिन्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर
माझी डावी नडगी मोडली.
जिना शाबूत आहे. नोंद असावी.

नऊ महिने प्लेट, अकरा स्क्रू.
टेकू उत्तम, पण हाड हाडाला धरेना.
मुकादम डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला लावली:
मधोमध काळी रेघ, केसाएवढी.
असल्या रेघेवर आम्ही काचेची पट्टी चिकटवायचो, तारीख घालून.
पट्टी तडकली की समजायचं,
इमारत अजून हलतेय.

बाई म्हणाल्या, पेशी आहेत हो आत,
पण शहात्तराव्या वर्षी त्यांना निरोप पोचत नाही.
मग एका प्रोटीनचं लांबलचक नाव सांगितलं.
ग्रोथ फॅक्टर म्हणा, म्हणाल्या.
स्पंजाची चकती त्यात पंधरा मिनिटं भिजवायची
आणि फटीत ठेवून द्यायची.
भिजवायची?
चाळीस वर्षं मी दुसरं काय ओरडत होतो!
तहानलेली वीट लावू नका रे,
मालातलं पाणी पिऊन टाकते ती.

गेनू गवंडी आठवला. म्हातारपणी
वाळूच्या ढिगावर डोकं टेकून झोपायचा.
शिट्टी मारा, हाका मारा, ढिम्म.
जवळ जाऊन, वाकून, कानाशी
‘गेनबा, लेव्हल बघतोस का जरा?’
एवढं म्हटलं की उठायचा,
आणि अंधार पडेस्तोवर थापी खाली ठेवायचा नाही.

मुलानं कोटेशन दोनदा वाचलं.
बाईंनी गॅरंटी दिली नाही. बरं वाटलं.
गॅरंटी देणारे वॉटरप्रूफिंगवाले
मी पुष्कळ पाहिलेत.

सोळाव्या आठवड्याची फिल्म.
रेघ आहेच. पण तिच्या एका कडेला धुरकट काहीतरी,
ओल्या भिंतीवर बुरशी धरावी तसं.
मी दचकलो.
हेच, बाई म्हणाल्या, हेच तर हवं होतं.
आणि मी जन्मभर असल्या डागांवर
लाल खडूनं फुल्या मारत आलो.

हल्ली रात्री आत ठणकतं.
सून गोळी आणते. थांब जरा, म्हणतो,
कुणीतरी कामावर आलेलं दिसतंय.
आणि जुन्या सवयीनं तोंडातून निघून जातं,
संध्याकाळचं पाणी मारलं का?

कुंड्यांना ना? ती म्हणते.
हो, मघाशीच.