जेवून ये

आंबोली घाट उतरून आठ पेट्या आल्या,
सात तशाच पुढे गेल्या गोव्याला.
एक माझ्या फळीवर राहिली, वेंगुर्ल्याच्या बाजारात,
हापूसच्या शेवटच्या दोन डझनांना टेकून.

"ह्यां काय गे? सुसरीच्या पिल्लासारखां?"
कांता गिरपनं एक दाबून पाहिली, हुंगली,
भाव विचारला
आणि वाटाभर करवंदं घेऊन गेली.

मला आंबा कळतो.
देठाशी नाक नेलं की सांगते
अढीतला की पुडी ठेवून पिकवलेला.
फणसाला थाप मारली की तो उत्तर देतो.
या फळापुढं मात्र मी अडाणी.
वर लाल, आत काय, कुणाला विचारू?

संध्याकाळी लखिंदर आला,
बंदरावरच्या बर्फ कारखान्यातला.
रोजची त्याची सहा केळी.
पेटी दिसली आणि केळी मागायची राहून गेली.

मग त्यानंच शिकवलं, अर्धं मराठी, अर्धं हातांनी:
मावशी, रंगावर नका जाऊ.
सालीवरून अंगठा फिरवा.
कोवळीचे काटे टोचतात,
भरली की ते बसतात, साल ताणते.
हातात जड लागली ती घ्यायची.
चिरलेली, पाझरणारी आधी वेगळी काढा,
नाहीतर सकाळपर्यंत सगळी पेटी दारू होईल.
देठ खुडू नका. फळ तिथूनच वाळायला लागतं.

ओल्या फडक्यात गुंडाळून
त्यानं ती रात्री कारखान्यात नेली,
बर्फाच्या लादीजवळ, लादीवर नाही.
सकाळी परत आणली तेव्हा
फडक्याला बांगड्याचा वास होता, फळाला नव्हता.
तरीही मी दहा वेळा हुंगून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साली तपकिरी पडल्या,
सुक्या सोडणासारख्या.
मी उकिरड्याकडे निघाले होते टोपली घेऊन.
त्यानं एक सोलली आणि माझ्यापुढं धरली.
आत शहाळ्याच्या मलईसारखी,
ओली, पांढरी, काही न झाल्यासारखी.

माझी साखर दोनशे दहा.
डॉक्टर पडते म्हणाले, चार खा, जेवणानंतर, मोजून.
वर म्हणाले, यात क जीवनसत्त्व भरपूर,
आणि साखरही भरपूर, दोन्ही लक्षात ठेवा.
मी चार खाल्ल्या. पाचवी हातात धरून बसले
बराच वेळ.

"आणि पोरांना रिकाम्या पोटी देऊ नका."
हे तो दोनदा म्हणाला.
तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी सुरी खाली ठेवली.

बहीण होती, फुलिया. सहा वर्षांची.
बाप दुसऱ्याच्या बागेत राखणीला.
दिवसभर झाडाखाली पडलेल्या, कच्च्या-पिक्या,
तेवढ्याच खाल्ल्या तिनं.
रात्री भात होता घरात,
पण ती आधीच झोपली होती.
आईला वाटलं, झोपू दे.

पहाटे अंग ताठ झालं.
एवढंच सांगितलं त्यानं.
मग सहा केळी मागितली, पैसे सुटे दिले.

त्या दिवसापासून गिऱ्हाईक हसतं मला.
अर्धा किलो मागितली की मी विचारते,
घरात लहान पोर आहे? जेवतं वेळेवर?
कच्ची निघाली तर फेकून द्या, पैसे परत देईन.
"फळां इकतंस की दवाखानो काढलंस?"
कांता म्हणाली, पण पाव किलो घेऊन गेली,
नातवाला भात भरवून मग देईन म्हणाली.

पेटीच्या तळाशी सात उरल्या.
लखिंदर आला.
"घे रे, एक तरी. इतके दिवस नुसता शिकवतोयस."
त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला.
"अभी जेवलो नाही, मावशी."

बाजार आठला मिटतो.
मी नऊपर्यंत बसले,
फळीवर एकच बल्ब, त्याला पाखरं,
सात लिच्या ओल्या फडक्यात.
बंदराच्या बाजूनं त्याच्या चपला वाजल्या.
ओठांना आमटी लागली होती, पुसायची विसरलेली.