परमिट

बावीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलो:
हात लावू नका.
तुटलेल्या तारेला, ओल्या पोलाला,
डीपीच्या उघड्या झाकणाला.
मुंजाजी माझ्यासमोर अकरा केव्हीला चिकटला.
तेव्हापासून वीज म्हटलं की मला
त्याच्या चपलेचा वास येतो.

आमच्यात परमिट असतं:
लाइन बंद केली अशी सही झाल्याशिवाय
पोलावर चढायचं नाही.
परभणीत, दुसऱ्या मजल्यावर, मी सही केली ती उलटी.
आशामतीच्या डोक्यातून जाऊ द्या म्हणून.

अकरा महिने ती भिंतीकडं तोंड करून.
तीन डॉक्टर झाले, गोळ्यांचे रंग बदलले.
शेवटी तर पाण्याचा तांब्या पुढं नेला
की ओठ असे मिटायची
जसं उधारीवाला दिसल्यावर दार लावावं.
आई म्हणाली, ‘शॉक देत्यात? येडी होईल की रं.’
मी म्हणालो, ‘आन् आत्ता काय हाय?’
मग दोघंबी गप.

कुरेशी मॅडमला विचारलं, किती अँपिअर?
त्या थांबल्या. हे कुणी विचारत नसावं.
‘एकाहून कमी. तुटक तुटक, काही सेकंद.
त्या झोपेत असतील.’
मॅडम, माणूस मरायला त्याहून लई कमी लागतं.
‘काळजातून गेलं तर,’ त्या म्हणाल्या.
‘आपण तिथून नेत नाही.’
रस्ता ठरवून मग काम करणारं माणूस.
तिथं मला जरा धीर आला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. रात्रीपासून उपाशी.
नर्सनं जोडवी काढून माझ्या मुठीत दिली.
एका पायाला बीपीचा पट्टा घट्ट.
औषधानं सगळं अंग सैल पडतं,
तेवढं एक पाऊल राखून ठेवायचं,
म्हणजे आतलं बाहेर कळतं.
दार नीट लागत नव्हतं. फटीतून
मला तेवढंच दिसलं: अंगठा.
शिलाई मशीनवर पाय असल्यागत थरथरला.
मी मोजलं. बेचाळीस.
ठिणगी नाही, आवाज नाही, वास नाही.
वीज इतकी सभ्य मी कधी पाहिली नव्हती.

चार वेळा काहीच नाही.
पाचव्यांदा शुद्धीवर येताना नर्सनं विचारलं,
‘ताई, नाव?’
‘आशामती.’
‘हे गाव कोणतं?’
ती पंख्याकडं बघत राहिली.
जीभ जड, पण साफ:
‘जर्मनी.’
नर्स नवी, बहुतेक बाहेरची. घाबरून लिहायला लागली.
मी भिंतीला टेकून हसत सुटलो,
नाकातोंडातून पाणी येईस्तोवर,
आन् ती मान वळवून म्हणाली,
‘काहून हसायलाव?’

आठ झाले. गोळ्या चालू आहेत.
शेजारणीशी नळावरून भांडते. मी मधे पडत नाही.
काही काही मात्र गेलं.
भाचीच्या लग्नाचा फोटो धरून विचारते,
मी होते का तिथं?
हिरव्या साडीतली तूच की.
ती त्या बाईकडं बघते. ‘साडी बरी हाय.’

विहिरीवरची रात्रही गेली.
आता ती माझ्या एकट्याकडं आहे.
परवा जेवताना माझ्या मनगटावर बोट फिरवलं तिनं,
चार वण, एका ओळीत, नखांचे.
‘हे कशानं झालं?’
तार लागली, म्हणालो.
‘बघून काम करावं की जरा,’
म्हणाली, आन् ताटात अजून एक भाकर टाकली.