सत्त्याऐंशी नंबर

जुलैच्या शेवटी कॉलेज रिकामं असतं,
आणि मी पहाटे चारला मैदानावर चुना ओढत असतो.
दर पाच यार्डांवर एक रेघ.
बावीस वर्षं झाली. रेघ अजून सरळ येते,
पाठ येत नाही.

सातपासून जाळीपाशी माणसं जमतात.
घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या,
पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून
ज्यांना कुठेच उशीर होत नाही अशी सगळी.
सरावाला नव्वद खेळाडू, संघात त्रेपन्न,
आणि उरलेल्या सदतीस जणांची नावं
जाळीच्या या बाजूला केव्हाच ठरलेली.

स्टॅन वोयचिक म्हणतो, क्वार्टरबॅकचा खांदा बरा झालाय.
ऐका, चेंडू कसा शीळ घालत जातो.
लूथर म्हणतो, शीळ माझी किटलीही घालते.
मग दोघे अकरापर्यंत बोलत नाहीत.
व्हर्ना तीस वर्षं शाळेची बस चालवायची,
तिला वाटतं पोरं आरशातून कळतात:
तो पंचावन्न आळशी, तो बारा घरी भांडून आलाय,
आणि सत्त्याऐंशी,
तो उंच, बारका,
तो हाताला तेल चोपडून आलाय, त्याला घरी पाठवा.
लूथरला मात्र सत्त्याऐंशी पाहिजे.
का, ते त्यालाही सांगता येत नाही.
पाहिजे म्हणजे पाहिजे.

मला कुणी विचारत नाही.
मी संध्याकाळी वाळूची बादली घेऊन निघतो,
उखडलेली ढेकळं टाचेनं दाबत.
खांद्याचं मला काय कळतं,
पण क्वार्टरबॅक उभा राहतो तिथे
डाव्या पावलाचा ठसा वीतभर अलीकडेच थांबलेला असतो,
रोज.
पुढे पाय टाकायला तो भितोय, स्टॅन.
आणि सत्त्याऐंशी जिथे वळतो तिथे एकच खड्डा,
चाळीस वेळा वळला तरी एकच,
वाडग्याएवढा, काठ न फुटलेला.
असा खड्डा बुजवायला जिवावर येतं.

चौदाव्या दिवशी रात्री तीन जणांना
वही आणि खोलीची किल्ली घेऊन वर बोलावलं.

सकाळी मैदानाला सुट्टी, म्हणून सगळे मार्जच्या हॉटेलात.
काउंटरवर स्टॅन, लूथर, व्हर्ना,
व्हर्नाच्या शेजारी एक मुलगा, पायाशी फुगलेली बॅग.
शिरस्त्राण नाही, आकडा नाही,
कानामागे अजून पट्ट्याचा लाल वळ.
सत्त्याऐंशीवर वाद पेटलेला.
दगडाचे हात! व्हर्ना म्हणाली.
अरे पण धावतो कसा, लूथर म्हणाला.
धावायचंच असेल तर टपालखात्यात जा म्हणावं, स्टॅन म्हणाला,
आणि सगळे हसले, मार्जसुद्धा.
मुलगाही हसला, किंचित,
दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली असावी तसा.

व्हर्नाला केचप हवं होतं.
तिनं हात लांब केला, बाटली कडेला लागली,
घसरली,
आणि त्यानं न बघता
गुडघ्याच्या उंचीवर ती धरली
आणि तिच्या बशीजवळ ठेवली.
थँक यू, हनी, ती म्हणाली,
आणि वाद पुढे चालू.

मी त्याचे बूट बघितले होते. ओळखलं होतं.
बोलायला हवं होतं का?
बोललो असतो तर तिघं खुर्चीत वळली असती,
आणि त्याला अंडी तशीच टाकून उठावं लागलं असतं.
त्यानं दोन्ही अंडी खाल्ली, पाव पुसून खाल्ला,
मार्जला बस स्टेशन कुठे ते विचारलं,
तीन डॉलर टीप ठेवली.

दुसऱ्या दिवशी जाळीपाशी व्हर्ना म्हणाली,
मी सांगत नव्हते?
लूथरनं किटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

खड्डा मी शेवटी बुजवला.
दोन भाग वाळू, एक भाग माती, वर मूठभर बी.
पाणी वेळेवर मिळालं तर
नऊ दिवसांत उगवतं.