शून्यापासून

लालबागचा तालीम हॉल, पंखा बंद,
लॅपटॉप प्लायवुडच्या खोक्यावर.
दिव्यांची लायब्ररी जोडून झाली रात्री दीडला.
तिसऱ्यांदा कंपाइल केलं, एकही तक्रार नाही.
स्क्रीनवर बारा स्लायडर, शाळेतल्या पोरांसारखे उभे.

मी सात नंबर वर ढकलला.
आठवा दिवा लागला,
रिकाम्या खुर्चीवर.

घाडीकाका हसले नाहीत.
चाळीस वर्षं डिमरचे दांडे सरकवून
त्यांच्या अंगठ्याला घट्टा पडलाय.
"तुझी ही बया शून्यापासून मोजते वाटतं?
आम्ही एकपासून. शून्य म्हणजे काळोख."

एक वजा केला. सात जागेवर आला.

मग मी विचारलं, पहाट किती मिलिसेकंदांची?
फंक्शनला आकडा लागतो, काका.

ते बराच वेळ केबलवरची जुनी चिकटपट्टी
नखाने खरवडत राहिले.
"शर्वाणी गोधडीची घडी घालते ना, तेवढी.
कधी तीन घड्या होतात,
कधी दुसरीवरच थांबते, बघत बसते."

मी तो रकाना रिकामा ठेवला.
खाली एकच बटण काढलं, मोठं,
अंगठ्याच्या मापाचं.