एकशे चौदा

ह्लिनुर, चावी देतेय तुला, पण आधी बस.
कॉफी सकाळची आहे, चालेल ना?
फ्लातेयरीच्या या धक्क्यावर
मासळीचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम माझा;
काट्याशी बोलणारी लायब्ररी दुसऱ्यांची,
परगावी बसलेल्या माणसांची.
त्यांना मी कधी पाहिलं नाही.
आमच्यात ये-जा करतात ते नुसते बाइट,
आणि बाइटांना आडनाव नसतं.

कोल्बेनची होडी ठाऊक आहे तुला,
पिवळी, एकट्या माणसाची.
नाव तिला आईचं, अख्खं, कुठेही न तोडलेलं:
थोरदीस कात्रीन ओस्सुरारदोत्तिर.
आमच्या लिपीत, मधल्या मोकळ्या जागा धरून, सत्तावीस अक्षरं.
नावासाठी ठेवले होते बत्तीस बाइट
आणि त्याला लागून, भिंतीला भिंत,
वजन.
वर्षानुवर्षं पुरलं.

मग एका फेब्रुवारीत लायब्ररी नवी आली,
जगातल्या सगळ्या लिप्या जाणणारी.
तिच्या लेखी आमच्या थोर्नला दोन बाइट,
डोक्यावर रेघ असलेल्या ओला दोन, ईला दोन.
सहा अक्षरं अशी ऐसपैस मांडी घालून बसली,
सत्ताविसाचे तेहेतीस झाले,
आणि हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी कोल्बेननं कॉड उतरवला.
काटा म्हणाला, एकशे चौदा किलो.
दुसऱ्या दिवशी क्रेट दुप्पट. एकशे चौदा.
वाऱ्यात जाऊन तीन मासे घेऊन परतला,
तरी एकशे चौदा.
नाव मात्र पडद्यावर पूर्ण,
काना-मात्रेचा फरक नाही.
त्यानं टोपी काढली, म्हणाला,
"स्तेनुन, म्हातारी जिवंत होती तेव्हाही
माझ्या ताटात किती पडलं ते तीच ठरवायची."

रात्री अडीचला दिसलं मला.
एकशे चौदा म्हणजे र.
यंत्राच्या वहीत र चा हाच नंबर.
दोत्तिर मधला शेवटचा र,
घरात जागा उरली नाही म्हणून
शेजारी वजनाच्या खोलीत जाऊन बसलेला,
आणि त्याच्या पाठोपाठ आत शिरून
दार लोटून घेणारं शून्य.
प्रत्येक नावाच्या टोकाला ते उभं असतं,
"संपलं" एवढंच सांगायला.
जागा मोजताना त्याला पान मांडायचं
आम्ही विसरलो होतो.

तेव्हापासूनचा कागद टेबलाखाली चिकटवलाय, वाच:
भांडं आपलं आपण न्यायचं.
केवढं आहे ते आधी बोलायचं.
पुरणार नसेल तर त्यांनी ओतू नये,
किती लागेल तो आकडा सांगावा, शून्यासकट.
आणि कधी त्यांनीच भांडं भरून दिलं,
तर ते त्यांच्याच दारी परत.

हे शेवटचं मला महागात पडलं.
त्यांनी दिलेली जागा मी माझ्या हातानं मोकळी केली,
चांगुलपणानं, आवराआवर करावी तशी.
पहाटे चारला लिलाव मेला, आवाजही न करता.
अठरा टन हॅडॉक बर्फात, खरेदीदार फोनवर,
मी पायमोज्यांवर उभी.
धक्क्यावरच्या क्रेटवर बंदराचा शिक्का असतो बघ,
दुसऱ्याचा क्रेट आपण जाळत नाही,
होडीवर चढवून परत पाठवतो.
एवढं मासेमाऱ्यांना कळतं,
मला कळायला ती पहाट लागली.

कोल्बेनचे राहिलेले किलो वहीतून काढून दिले.
एकदा भीत भीत सुचवलं त्याला,
कात्रीनचं नुसतं का करू या का?
त्यानं माझ्याकडे बघितलं फक्त.
मग मी जागाच वाढवली.

आज दुपारी येईल तो.
पडद्यावर एकशे चौदा दिसलं
तर लगेच कोड उघडू नकोस.
खाली जा, हातमोजे घाल,
जुन्या काट्यावर स्वतः तोलून बघ.
कधीकधी
तेवढेच मासे असतात.