कोयंडा

डंडीत नोव्हेंबरला साडेतीनलाच दिवे लागतात.
मी तळघरात, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून
एका सैनिकाचा कान बघत असते.
कान म्हणजे पाळीचा तांदळाएवढा तुकडा,
बेलीझच्या जंगलात वाळूमाशी चावली, तिथला.
काचपट्टीवर नाव नसावं असा नियम आहे,
पण मोरागनं पेन्सिलीनं लिहून खोडलंय
आणि खोडलेलं वाचता येतं: गिलक्रिस्ट.
तीन महिने जखम भरेना. दुखेनाही.
दुखलं असतं तर आधी आलो असतो, म्हणाला म्हणे.

हिरव्या रंगात पेशी. लाल रंगात तो,
सडपातळ, शेपटीवाला.
कातडीत उतरला की रक्त त्याच्यावर शिक्का मारतं:
परका आहे, खाऊन टाका.
तो शिक्का पुसत बसत नाही.
कडेनं जरासा कुरतडतो,
एखादी वेलांटी जावी इतकाच,
आणि मजकूर होतो:
मेलेलं आहे, हळू उचला.

मग पेशी हात पुढे करते.
पुस्तकात त्याला ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे घेणारा.
रोजचे मेलेले ती याच हातानं आत घेते,
न बोलता, भोंगा न वाजवता.
यालाही घेतलं.

डॉक्टर प्रिंगल कुलूप-किल्लीचं चित्र काढतात.
मी मान डोलावते.
जामखेडला आमच्या मागच्या दाराला कोयंडा होता,
फटीतून बोट घातलं की कडी सरकायची,
शेजारच्या कुणालाही, आत मांजर अडकली तर.
एकदा त्याच फटीतून पितळी घागर गेली.
बाबांनी फट बुजवली नाही.
का, ते मी कधी विचारलं नाही.

आम्ही बुजवून पाहिली.
प्रतिपिंडांचा बोळा त्या हातात कोंबला:
निम्मे बाहेर राहिले,
निम्मे दुसऱ्या दारानं गेले,
आणि बशीत मेलेल्या पेशींचा खच पडला, उचलायला कुणी नाही.
वहीत मी फक्त आकडे लिहिले.

संध्याकाळी बस थांब्यावर कागद चिकटवलेला.
दारं लावा, वर आमच्यासारख्यांना एक शब्द,
प्रयोगशाळेतला.
वाचू नकोस, मोराग म्हणाली.
वाचून झालं होतं.
लिहिणाऱ्यानं पेशी कधी पाहिलेली नाही,
एवढंच मला म्हणता आलं, तेही मराठीत.
ती म्हणाली, काय?
तेवढ्यात बावीस नंबर आली.

सकाळी पुन्हा तीच काचपट्टी.
आत तो शेपूट टाकून गोल झालाय,
एकाचे दोन, दोनाचे आठ,
पेशी फुगलीय, भिंत ताणलीय.
गिलक्रिस्टला आजपासून इंजेक्शनं.
मी भिंग थोडं वर घेते.
कडेला, हिरव्या रंगात,
तिचा दुसरा हात अजून बाहेर,
कुणी मेलेलं आलंच
तर.