दोन फुटांची लाईन

मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
मुद्दाम आगीशेजारी बसायला जाणारे आम्हीच.
लू लागू नये म्हणून खिशात कांदा,
डोक्याला ओला गमछा,
मांडीवर पन्ह्याची बरणी,
आणि लश्करातून टेम्पोनं तिघऱ्याच्या रस्त्याला,
डॉक्टर इंगळ्यांच्या पेरूच्या बागेत.

डॉक्टर दातांचे.
साखर कारखान्यानं भंगारात काढलेलं इंजिन
त्यांनी ट्रकवर घालून आणलं, सहा वर्षं घासलं,
किटण खरवडलं, नळ्या बदलल्या
आणि त्याच्या पोटावर पांढऱ्या रंगात
बायकोचं नाव लिहिलं : कुमुद.
कुमुदकाकू म्हणतात, निदान विचारायचं तरी.

सकाळी सातला पेटवलेली भट्टी
दहाला कुठे दम धरते.
मग शिटी,
आणि विहिरीपलीकडचे मोर असे ओरडतात
जणू कुणी त्यांनाच हाक मारली.

पुठ्ठ्याचं तिकीट, त्याला भोक.
तीन डबे, लाकडी बाकं, हाताला चटका देणारे गज.
गाडी पेरूंतून निघते,
लिंबांच्या बांधाला वळसा, पाण्याची टाकी, परत.
नऊ मिनिटं.
की मुलं पुन्हा रांगेत.
कोळशाचा कण गेला म्हणून रडणारी ओवी
दुसऱ्या डोळ्यानं आपला नंबर सांभाळते.

त्रिंबकमामा बसले नाहीत.
गादीची जागा त्यांच्यासाठी राखलेली,
डॉक्टर स्वतः हात धरून न्यायला आले :
"छोट्या लाईनचे माणूस तुम्ही, मामा. मान तुमचा."
मामा म्हणाले, "मी चावीवाला.
पाच मैल जायचे, पाच यायचे,
गाडी मागून यायची.
बसलो कधी नाही.
आता कशाला सवय लावता."

आणि निघाले रुळांच्या मधून,
स्लीपरमागून स्लीपर,
खडीवर एक पाऊल पडू न देता.
काठीचं लोखंडी टोक रुळाला लागत होतं,
टण्
टण्
टण्
लिंबांच्या वळणावर : टक्.

वाकले. बोटानं चाचपलं, बोट तोंडात घातलं, पुन्हा चाचपलं.
मग डोक्याचा लाल गमछा सोडला
आणि दोन्ही हातांत आडवा धरला.

कुमुद थांबली, वाफ टाकत, नाराज.
डॉक्टर धावत आले.
मामा म्हणाले,
"डॉक्टर, तुमची दाढ हलतेय."

दगडानं चार घाव.
पाचवा फक्त ऐकायला.
हिरवा झेंडा नव्हता
म्हणून पेरूची डहाळी.

गाडी गेली. डबेच्या डबे हात हलवत होते,
ओवी तर कमरेपर्यंत बाहेर.
मामांनी वर पाहिलं नाही.
मान तिरकी, डोळे त्या एका सांध्यावर,
ओठांत चाकं मोजत उभे राहिले
शेवटचं उतरून जाईपर्यंत.

नंतर सावलीत पन्हं प्यायले, दोन पेले.
जिरं कमी पडलंय, म्हणाले.